सात जण, चौदा मिनिटं आणि रिकामं मैदान

सरदाचं, म्हणजे पावसाळी, भात कापून झालं की आमच्या शाळेमागची शेतं काही आठवडे मोकळी पडतात. वायंगणासाठी, म्हणजे पुढच्या भातपिकासाठी, पाणी सोडेपर्यंत ती मुलांचीच. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात या शेतांवर आजवर खेळला गेला तो फुटबॉल. गेल्या वर्षी तिथे मी पहिल्यांदाच रग्बीचा चेंडू घेऊन गेलो. वजनाला तो जवळपास फुटबॉलएवढाच, ४१० ते ४६० ग्रॅम. पण आकार लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. भाताच्या खुंटांवर आपटला की कुठे उसळेल ते देवालाच ठाऊक. पहिला अर्धा तास मुलं त्याच्यामागे नुसती धावत सुटली होती.

मग चुन्याने रेषा मारल्या, सात-सात जणांचे दोन संघ केले आणि सांगितलं: चेंडू हातात घेऊन धावायचं आणि समोरच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवायचा. पास द्यायचा तो बाजूला किंवा मागे. हाताने पुढे टाकायचा नाही.

आठवीतला एक मुलगा, फुटबॉलमधला आमचा उजवा विंगर, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "सर, पास मागेच द्यायचा तर आम्ही पुढे कसे जाणार?"

रग्बी समजून घ्यायला याच प्रश्नापासून सुरुवात करावी. टीव्हीवर दोन देशांचा सेव्हन्सचा, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीचा, सामना लागला की नवख्या माणसाला एवढंच दिसतं: धिप्पाड माणसं एकमेकांवर आदळताहेत, मध्येच कोणीतरी सुसाट पळत सुटतं आणि बघता बघता सामना संपतोही. मला हा खेळ मनापासून आवडतो. कबड्डी आणि फुटबॉलवर वाढलेल्या आपल्या लोकांना तो पटकन कळेल अशी माझी खात्री आहे, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

चेंडू पुढे जातो तो माणूस घेऊन धावतो म्हणून. लाथ मारून पुढे पाठवायलाही मुभा आहे, पण तो परत आपल्याच हातात येईल याची खात्री नाही. पासचं काम वेगळं. जिथली वाट समोरच्यांनी अडवलीय तिथून चेंडू काढायचा आणि जिथे कोणी नाही तिथे पोचवायचा. त्यात दोन पावलं मागे गेली तरी बिघडत नाही, कारण ज्याच्या हातात चेंडू पडतो तो मागून वेगात धावत आलेला असतो आणि त्याच्यासमोर रान मोकळं असतं.

नुसतं सांगून हे मुलांना पटलं नाही. म्हणून दोघांना हल्ल्याला ठेवलं आणि मध्ये एकाला अडवायला उभं केलं. आमच्या विंगरने पहिल्या खेपेला लांबूनच पास दिला. अडवणारा आरामात सरकून दुसऱ्यासमोर गेला. दुसऱ्या खेपेला मी त्याला म्हटलं, "थेट त्याच्या अंगावर जा. तो तुला धरायला पाऊल टाकेल, त्याच क्षणी चेंडू सोड." त्याने तसं केलं. अडवणाऱ्याचे दोन्ही हात याच्या कमरेला पडले तेव्हा चेंडू बाजूच्या मुलाकडे गेला होता आणि तो मुलगा रेषेपाशी पोचत होता. कबड्डीत चढाईपटू कोपरारक्षकाला आमिष दाखवून पुढे खेचतो आणि मध्ये फट पडली की निसटतो, तीच ही युक्ती. फरक इतकाच की इथे निसटणारा दुसराच असतो.

रिकाम्या जागेचं गणित

मूळ रग्बी पंधरा जणांची. मैदान साधारण १०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद, म्हणजे ७,००० चौरस मीटर. पंधरा-पंधराचे दोन संघ उतरले की माणशी २३० चौरस मीटरच्या आसपास जागा येते. सेव्हन्समध्ये मैदान तेच ठेवतात आणि माणसं निम्म्याहून कमी करतात. चौदा जणांत वाटली तर माणशी ५०० चौरस मीटर. कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटरचं, म्हणजे १३० चौरस मीटर. सेव्हन्समधल्या एकेका खेळाडूच्या वाट्याला जवळपास चार कबड्डीची मैदानं येतात.

बचाव करणाऱ्यांचे हाल यावरून लक्षात यावेत. सातांतला एक सहसा मागे राहतो, लाथेने आलेला चेंडू उचलायला आणि फट पाडून आलेल्याला शेवटचा अडवायला. उरले सहा. त्यांनी ७० मीटरची रुंदी सांभाळायची म्हणजे एकेकाकडे साडेअकरा मीटरहून जास्त. हे सहा जण एका ओळीत, एकाच चालीने पुढे सरकतात. एकाने उतावीळपणा करून दोन पावलं आधी झेप घेतली की त्याच्या शेजारी दार उघडलं. कबड्डीची साखळी हात धरून असते. ही साखळी नुसत्या नजरेने आणि ओरडून धरावी लागते. सामन्यात आवाज नीट ऐकलात तर बचाव करणारा संघ सतत बोलत असतो.

म्हणून माझी एक विनंती. पहिल्यांदा सेव्हन्स बघाल तेव्हा चेंडूवर नजर खिळवू नका. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बघा. तिकडे हल्ला करणारे तीन आहेत आणि अडवणारे दोन, असं दिसलं की पुढच्या दोन-तीन पासनंतर काय होणार ते तुम्हाला शेजारच्याच्या आधी कळेल.

सात मिनिटांचा एक डाव, असे दोन, मध्ये जेमतेम दोन मिनिटांची विश्रांती. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण त्या चौदा मिनिटांत एकेक खेळाडू दीड किलोमीटरच्या आसपास धावतो, तेही बरंचसं जीव तोडून, आणि मध्ये मध्ये जमिनीवर आपटून पुन्हा उठून.

ट्राय आणि त्यानंतरची लाथ

रेषेपलीकडे चेंडू टेकवला की त्याला ट्राय म्हणतात आणि त्याचे ५ गुण. 'टेकवला' हा शब्द महत्त्वाचा. नुसतं रेषेपलीकडे धावून भागत नाही. चेंडू हाताच्या ताब्यात असताना जमिनीला लागला पाहिजे. शेवटच्या क्षणी निसटला तर सगळी धाव वाया. या नावामागे गंमतीचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात चेंडू टेकवण्याला स्वतःचे गुणच नव्हते. टेकवणाऱ्याला गोलखांबांच्या मधून लाथ मारून बघण्याची संधी, म्हणजेच 'ट्राय', मिळायची. गुण त्या लाथेचे. पुढे उलटं झालं. टेकवणं मोठं ठरलं आणि लाथेला २ गुण उरले. तिला कन्व्हर्जन म्हणतात.

या दोन गुणांना सेव्हन्समध्ये कमी लेखू नका. गोलखांब इंग्रजी एच अक्षरासारखे असतात: दोन खांबांत ५.६ मीटर अंतर, मध्ये ३ मीटर उंचीवर आडवी दांडी. चेंडू दांडीच्या वरून गेला पाहिजे. पंधरांच्या खेळात तो जमिनीवर नीट ठेवून, सावकाश नेम धरून मारतात. सेव्हन्समध्ये ती चैन नाही. चेंडू हातातून सोडायचा, जमिनीला टेकून वर येतानाच लाथ घालायची आणि सगळं अर्ध्या मिनिटात उरकायचं. शिवाय ट्राय जिथे टेकवला त्याच सरळ रेषेत मागे येऊन ती मारावी लागते. कोपऱ्यात टेकवलात तर कोन अवघड, खांबांच्या मधोमध टेकवलात तर लाथ सोपी. म्हणून रेषा ओलांडलेला खेळाडू लगेच चेंडू टेकवत नाही. मागे कोणी नसेल तर आत वळून खांबांकडे धावतो. बघणाऱ्याला वाटतं हा मिरवतोय. तो संघासाठी पुढचे दोन गुण पिकवत असतो.

दंडाच्या लाथेने किंवा चालू खेळात अशाच टप्प्याच्या लाथेने ३ गुणही मिळवता येतात, पण सेव्हन्समध्ये ते क्वचित. दंड मिळाला की बहुतेक संघ चेंडूला पायाने नुसतं टोचून लगेच धावत सुटतात, समोरच्यांची ओळ जुळायच्या आत.

पकड, झटापट आणि पिवळं कार्ड

ज्याच्या हातात चेंडू आहे त्यालाच पकडता येतं. खांद्याच्या रेषेच्या वर धरायचं नाही, चेंडू झेलायला हवेत उडालेल्याला हात लावायचा नाही. पकडलेला माणूस खाली पडला की दोघांवर बंधन येतं: पकडणाऱ्याने त्याला सोडायचं आणि पडलेल्याने चेंडू सोडायचा. मग पायांवर उभे असलेले दोन्हीकडचे खेळाडू त्या चेंडूवर एकमेकांना रेटतात. त्याला रक म्हणतात. पंचांच्या शिट्ट्या सर्वांत जास्त इथेच वाजतात, कारण कोणी हात घातला, कोणी बाजूने शिरला, कोणी पडून राहिला, हे सगळं एका सेकंदात घडतं. नव्या प्रेक्षकाने रकचे बारकावे सोडून द्यावेत. एवढंच मोजावं की रकमध्ये कोणाचे किती अडकले. हल्ल्याचा एक आणि बचावाचे दोन अडकले असतील तर बाहेर जागा कोणाला मिळाली ते उघड आहे.

चेंडू हातातून पुढे सांडला तर नॉक-ऑन. त्यानंतर स्क्रम होतो: पंधरांच्या खेळात आठ-आठ जण खांद्याला खांदा भिडवतात, इथे तीन-तीन. उरलेले चार-चार जण सगळ्या रुंदीवर. म्हणजे स्क्रम ही हल्ल्याची उत्तम जागा होते.

पिवळं कार्ड मिळालेला खेळाडू २ मिनिटं बाहेर बसतो. फुटबॉलच्या पिवळ्या कार्डाची सवय असलेल्या आपल्याला ते किरकोळ वाटेल. हिशेब करा: सातांतला एक माणूस, आणि चौदा मिनिटांतली दोन मिनिटं. संघाचा सातवा हिस्सा सामन्याच्या सातव्या हिश्श्यापुरता गायब. तेवढ्या वेळात समोरच्याने दोन ट्राय केले तर नवल नाही.

आणखी एक नियम पंधरांच्या खेळाच्या अगदी उलटा आहे. तिथे ज्याने गुण खाल्ले तो पुन्हा सुरुवातीची लाथ मारतो. सेव्हन्समध्ये ज्याने गुण केले तोच मारतो, म्हणजे चेंडू समोरच्याकडे जातो. त्यामुळे पिछाडीवरच्या संघाला परत यायला लगेच संधी मिळते. पण लाथ मारणारे स्वस्थ बसत नाहीत. लाथ दहा मीटरच्या पुढे गेली पाहिजे, एवढंच बंधन. ते ती उंच उडवतात आणि उंच उडी मारणारा गडी पुढे पळवतात, हवेतच चेंडू हिसकावायला. तो मिळाला तर समोरच्याला चेंडूचं दर्शनही न होता लागोपाठ दोन ट्राय होतात.

स्पर्धा कशी चालते

आता राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेकडे येऊ. एका संघाला दिवसात दोन-दोन, कधी तीन सामने खेळावे लागतात. ऑलिंपिकची रचना समजली की बाकीच्या आपोआप समजतात. १२ संघ, ३ गट, प्रत्येक गटात ४. साखळीत प्रत्येकाचे तीन सामने. जिंकल्यास ३ गुण, बरोबरीचे २ आणि हरल्यासही १. प्रत्येक गटातले पहिले दोन मिळून सहा संघ उपांत्यपूर्व फेरीत जातात; उरलेल्या दोन जागा तीन गटांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या संघांतून भरतात.

खरी चुरस या दोन जागांसाठी असते. एक उदाहरण मांडतो. तिन्ही तिसरे संघ एकेक सामना जिंकून दोन हरलेत, प्रत्येकाचे ५ गुण. मग केलेल्या आणि खाल्लेल्या गुणांतला फरक बघतात. पहिला संघ २१-१४ जिंकला, १२-१९ आणि ७-२८ हरला: अधिक ७, उणे ७, उणे २१, एकूण उणे २१. दुसरा १७-१४ जिंकला, १०-२४ आणि ५-१४ हरला: अधिक ३, उणे १४, उणे ९, एकूण उणे २०. तिसऱ्याचा फरक धरा उणे १२. पहिला संघ एका गुणाने बाहेर. आता त्याचा १२-१९ चा सामना पुन्हा बघा. १२ म्हणजे दोन ट्राय आणि एकच कन्व्हर्जन. दुसरी लाथ बसली असती तर १४-१९, एकूण फरक उणे १९, आणि तो संघ आत. हरलेल्याच सामन्यात हुकलेल्या एका लाथेने त्याचं पदकाचं स्वप्न संपलं.

म्हणून ३० गुणांनी मागे असलेला संघ शेवटच्या दहा सेकंदांतही जिवाच्या आकांताने धावताना दिसतो.

उपांत्यपूर्व फेरीपासून हरला तो सुवर्णातून बाद, पण घरी जात नाही. पाचव्या ते आठव्या आणि नवव्या ते बाराव्या क्रमांकांसाठी सामने होतात. जागतिक मालिकेत पूर्वी त्यांना कप, प्लेट, बोल, शिल्ड अशी नावं आणि वेगवेगळे चषक होते. छोट्या देशांना त्यातही जिंकायला काही तरी उरायचं, आणि मला ती पद्धत फार आवडायची. विश्वचषकात २०१८ आणि २०२२ साली उलट केलं: पुरुषांचे २४ संघ थेट बाद फेरीत, पहिल्याच सामन्यात हरलात की विजेतेपद गेलं.

अंतिम फेरी गाठणाऱ्या संघाचे ऑलिंपिकमध्ये सहा सामने होतात. सहा गुणिले चौदा, ८४ मिनिटं. पंधरांचा एक सामना ८० मिनिटांचा असतो, म्हणजे धावण्याचा वेळ सारखाच. पण इथे तो तुकड्यांत येतो. अंग गरम करा, खेळा, थंड व्हा, खा, झोपा, पुन्हा अंग गरम करा. प्रशिक्षकाच्या हाताशी बारा जण असतात, सात मैदानात आणि पाच बाकावर. सकाळचा सामना हातात आल्यावर सर्वांत वेगवान गड्याला बाहेर काढायचं की फरक वाढवायला ठेवायचं? वर मांडलेलं गणित डोक्यात ठेवून हा निर्णय तो मिनिटाभरात घेतो.

बाद फेरीत बरोबरी झाली तर जादा वेळ, आणि त्यात ज्याने आधी गुण केला तो जिंकला. ही पद्धत खेळाच्या जन्माइतकीच जुनी आहे. १८८३ साली स्कॉटलंडमधल्या मेलरोज या लहानशा गावात क्लबला पैशांची चणचण होती. नेड हेग या खाटकाच्या धंद्यातल्या खेळाडूने दिवसभराची स्पर्धा सुचवली. पण पंधरा-पंधरांचे इतके सामने एका दुपारी बसणार कसे? म्हणून माणसं आणि मिनिटं दोन्ही कमी केली. अंतिम सामन्यात यजमान मेलरोज आणि शेजारच्या गाला यांची बरोबरी झाली. जादा वेळात मेलरोजने ट्राय केला आणि 'जिंकलो' म्हणून मैदान सोडलं. गालावाले तक्रार करत राहिले.

तिथून हा खेळ हाँगकाँगला आला. १९७६ पासून तिथली स्पर्धा आशिया आणि प्रशांत महासागरातल्या देशांना सेव्हन्सचं मुख्य व्यासपीठ झाली. १९९३ साली एडिंबरात पहिला विश्वचषक झाला. चषकाचं नाव मेलरोज कप. २००९ मध्ये ऑलिंपिक समितीने सेव्हन्सला प्रवेश दिला आणि २०१६ मध्ये रिओत तो खेळला गेला.

गोव्याहून कमी माणसांचा देश

रिओत पुरुषांचं सुवर्ण कोणी घेतलं हे मी मुलांना सांगितलं तेव्हा त्यांनी फिजी हे नावही ऐकलं नव्हतं. नकाशा काढला. प्रशांत महासागरातली बेटं, लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत गोव्याची १४ लाख ५८ हजार. म्हणजे आपल्यापेक्षा कितीतरी कमी माणसं. त्याच वर्षी फेब्रुवारीत विन्स्टन चक्रीवादळाने तो देश उद्ध्वस्त केला होता. ऑगस्टमध्ये ऑसेया कोलिनिसाऊच्या नेतृत्वाखालच्या संघाने अंतिम सामन्यात ग्रेट ब्रिटनला ४३-७ ने हरवलं. सात ट्राय. फिजीला त्याआधी कुठल्याही खेळात एकही ऑलिंपिक पदक नव्हतं. सरकारने आठवण म्हणून चक्क सात डॉलरची नोट काढली, तिच्यावर कर्णधार आणि प्रशिक्षक बेन रायन. टोकियोत न्यूझीलंडला २७-१२ ने हरवून त्यांनी सुवर्ण राखलं.

फिजीचा खेळ बघताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. पकडले गेल्यावर, जमिनीवर पडता पडता, एका हाताने ते चेंडू मागच्याला देतात. रक होतच नाही, खेळ थांबतच नाही, आणि बचाव करणाऱ्यांना ओळ जुळवायला श्वास मिळत नाही. तिकडे गावोगाव, मिळेल त्या मोकळ्या जागेत लहानपणापासून हेच खेळतात. आपल्याकडे शेतात फुटबॉल खेळून पायात चेंडू चिकटलेली मुलं तयार होतात, तसंच.

पॅरिसमध्ये २०२४ साली ते पहिल्यांदा ऑलिंपिक सामना हरले, तोही अंतिम. मध्यंतराला फ्रान्स आणि फिजी ७-७ बरोबरीत होते. फ्रान्सने बाकावरून अँत्वान द्युपाँला उतरवलं, पंधरांच्या रग्बीतला जगातला अव्वल खेळाडू, जो ऑलिंपिकसाठी मुद्दाम सेव्हन्सकडे वळला होता. उतरताच त्याने पट्टीवरून मुसंडी मारून पहिला ट्राय घडवला, मग स्वतः दोन केले. २८-७. सात मिनिटांत.

पण पॅरिसमधला मला सर्वांत भावलेला सामना महिलांच्या कांस्यपदकाचा. ऑस्ट्रेलिया १२, अमेरिका ७, घड्याळ संपत आलेलं. चेंडू अमेरिकेकडे, पण अगदी स्वतःच्या गोलरेषेजवळ. अलेक्स सेड्रिकला पास मिळाला. दोघींच्या पकडीतून ती हिसडा देऊन सुटली आणि समोर जवळपास अख्खं मैदान रिकामं. ती धावत सुटली. वेळ संपल्याचा भोंगा झाला तरी सेव्हन्समध्ये चेंडू 'जिवंत' असेपर्यंत सामना संपत नाही. ती धावत असेपर्यंत अमेरिका जिवंत. तिने चेंडू खांबांच्या बरोबर मध्ये टेकवला. १२-१२. कन्व्हर्जन तिनेच मारलं, समोरून, सोपं. १४-१२. दोन्ही संघांचे ट्राय दोन-दोनच होते. ऑस्ट्रेलियाची एक कन्व्हर्जनची लाथ हुकली होती, अमेरिकेची एकही नाही. या सामन्याची चित्रफीत मी मुलांना तीनदा दाखवली. तिसऱ्या वेळी वर्गात चिडीचूप.

आपलं नातं

रग्बी परकी वाटते, पण जगातल्या जुन्यात जुन्या रग्बी चषकांपैकी एक आपल्या चांदीचा आहे. १८७३ साली कलकत्त्यात इंग्रजांनी रग्बीचा क्लब काढला. सभासद गळत गेले आणि १८७८ मध्ये तो बंद झाला. खात्यात उरलेले २७० चांदीचे रुपये वितळवून त्यांनी चषक घडवला: तीन नागांचे कान, झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून आजही या कलकत्ता कपसाठी पंधरांचा सामना खेळतात.

सेव्हन्समध्ये भारत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत यजमान म्हणून उतरला. २०२३ साली गोव्यात ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या, त्यांत हा खेळ होता. माझी ओढ तेव्हापासूनची. २०२५ मध्ये मुंबईत सेव्हन्सची फ्रँचायझी लीग सुरू झाली आणि त्याच वर्षी बिहारमधल्या राजगीरला झालेल्या २० वर्षांखालच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी कांस्य मिळवलं.

शेतात पहिल्या आठवड्यानंतर एका मुलीची आई शाळेत आली. "सर, खेळू दे तिला. पण पोरीचा हात-पाय मोडणार नाही ना?" मी तिला खोटा धीर दिला नाही. पकडीच्या खेळात दुखापत होते. म्हणून आम्ही शेतात फक्त टच खेळतो: पकडायचं नाही, दोन्ही हातांनी स्पर्श केला की पकड झाली असं मानायचं. पास, जागा, धाव, सगळं त्यात शिकता येतं. पकड शिकवायची तेव्हा आधी गुडघ्यांवर बसून, मऊ जमिनीवर, आणि पहिला धडा एकच: आपलं डोकं समोरच्याच्या मागच्या बाजूला, त्याच्या धावण्याच्या वाटेत कधीच नाही. दातांना रक्षक. डोक्याला मार बसल्याची नुसती शंका आली तरी खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. मोठ्या स्पर्धांतही त्यासाठी डॉक्टर मैदानाच्या कडेला उभे असतात. ती ऐकून घेऊन म्हणाली, "बरं, मग मी बघायला येते."

ती आली तो वायंगणाआधीचा शेवटचा रविवार. मेरेपलीकडे, म्हणजे शेताच्या बांधापलीकडे, पाटाचं पाणी सोडलेलं होतं. गोलखांब म्हणून दोन बांबू रोवलेले, मध्ये आडवी सुंभाची दोरी. आमच्या उजव्या विंगरकडे चेंडू होता आणि समोर दोघं. महिन्याभरापूर्वी तो एकटाच घुसला असता. त्याने दोघांनाही आपल्याकडे खेचलं, त्यांचे हात लागायच्या आत मागे न बघता चेंडू सोडला. तो सातवीतल्या त्या मुलीच्या हातात गेला. ती डावीकडच्या कोपऱ्यातून रेषेपलीकडे गेली. आई मेरेवरून ओरडली, "टेकव गे, टेकव!"

मुलीने टेकवला नाही. मागे एकदा वळून बघितलं, कोणी नव्हतं. मग ती आत वळली आणि दोन बांबूंच्या मधोमध जाऊन खाली वाकली.